करंजाचं तेल, तळणीचं तेल आणि घरचं बायोडिझेल: कुणी प्रत्यक्ष केलंय का?

विहिरीकाठ

नमस्कार मंडळी,

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, कोरडवाहू पट्ट्यात. विहिरीवर पाच एचपीचं जुनं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन आहे, भावकीत मिळून एक ट्रॅक्टर आहे. डिझेल नव्वदीच्या घरात जाऊन बसलंय, खाली यायचं नाव नाही. ओढ्याच्या कडेला करंजाची भरपूर झाडं आहेत. उन्हाळ्यात शेंगांचा सडा पडतो आणि कुणी ढुंकून बघत नाही. तालुक्याला मोठे फरसाणवाले आहेत, शिवाय वडापाव-भजीच्या गाड्या. त्यांचं तळून उरलेलं तेल कुठे जातं देव जाणे.

मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एकजण मिक्सरच्या भांड्यात तेल ओततो, त्यात कसलंसं पाणी घालतो, गर्र फिरवतो आणि म्हणतो झालं डिझेल. दुसरा म्हणतो काही करायचीच गरज नाही, तेल गाळा आणि थेट टाकीत ओता, कारण डिझेलसाहेबाने पहिलं इंजिन शेंगदाणा तेलावरच चालवलं होतं. यातलं खरं किती? कुणी केलं असेल तर सांगा. पुस्तकी उत्तरंही चालतील, पण खर्चाचं बोला.

पंपनोझल

थेट तेलाचं आधी सांगतो, कारण तसलं करून बसलेली इंजिनं माझ्या बाकड्यावर येतात.

तेल डिझेलपेक्षा कितीतरी जाड. नोझलमधून डिझेलचा जसा धुरळा उडतो तसा तेलाचा उडत नाही, थेंब पडतात. थेंब पुरते जळत नाहीत. मग नोझलच्या तोंडावर कार्बन चढतो, रिंगा खाचेत चिकटतात, आणि न जळलेलं तेल लायनरवरून खाली चेंबरमध्ये उतरतं. तिथे ते इंजिन ऑइलात मिसळून घट्ट होत जातं. गेल्या पावसाळ्यात एकाचं इंजिन उघडलं तर ऑइल ओतून काढता येईना, चमच्याने खरवडावं लागलं. मालक म्हणत होता, "दोन महिने झकास चाललं की." चालतंच. आधी काहीच कळत नाही, कळतं तेव्हा हेड उतरवायची वेळ आलेली असते.

तुमचं जुनं संथ फिरणारं सिंगल सिलिंडर त्यातल्या त्यात सोसेल. चालू करताना डिझेल, गरम झाल्यावर तेल, बंद करायच्या आधी पुन्हा डिझेल, असं करणारे लोक आहेत. कॉमन रेलच्या, म्हणजे फार दाबाने इंधन फवारणाऱ्या नव्या गाडीत मात्र चुकूनही नको. त्या पंपाचा खर्च ऐकलात तर बैलजोडी बरी म्हणाल.

पानपलटी

शेंगदाणा तेलाची गोष्ट अर्धी खरी आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो (Otto) नावाच्या कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं. तशी इच्छा फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत भुईमूग अमाप पिकायचा, तिथल्या तिथे इंधन मिळावं हा हेतू. इंजिन मुळात खनिज तेलासाठीच बनवलेलं होतं. रुडॉल्फ डिझेलने स्वतः याबद्दल लिहिलं-बोललं ते पुढे १९१२ च्या सुमारास. १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन पाळतात तो मात्र १८९३ च्या त्याच्या इंजिनाच्या आठवणीत.

अवांतर: आज घाण्याचं शेंगदाणा तेल डिझेलच्या दुपटीपेक्षा महाग आहे. पॅरिसचा प्रयोग करायचा तर शेत गहाण टाकावं लागेल.

प्रयोगवही

विहिरीकाठ, तुम्ही पाहिलेलं "कसलंसं पाणी" म्हणजे मिथेनॉलमध्ये विरघळवलेला कॉस्टिक सोडा. ते पाणी समजून हाताळू नका. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडून हा प्रयोग दरवर्षी करून घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तेलाच्या रेणूत ग्लिसरॉलला तीन फॅटी आम्लं जोडलेली असतात. मिथेनॉल ती सोडवून स्वतःला जोडून घेतं, ग्लिसरॉल सुटं होऊन खाली बसतं. वर राहतं ते मिथाइल एस्टर, म्हणजेच बायोडिझेल. रेणू लहान झाला की पातळपणा येतो. ४० अंशाला तेलाची श्यानता, म्हणजे जाडपणा, ३० ते ४० सेंटिस्टोक असते, बायोडिझेलची साधारण ४ ते ५, डिझेलची २ ते ४.५. पंपनोझल म्हणतात ती थेंबांची अडचण यातून सुटते.

एक लिटर ताज्या तेलाला सुमारे २०० मिली मिथेनॉल आणि ३.५ ग्रॅम कॉस्टिक. तळणीच्या तेलात मात्र सुटी आम्लं वाढलेली असतात आणि ती कॉस्टिक खाऊन टाकतात, म्हणून आधी मोजायचं. एक मिली तेल दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळा. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक असं द्रावण करून ते थेंब थेंब सोडा. रंग बदलून खूण देणारं फिनॉल्फ्थॅलीन नसेल तर चिमूटभर हळद घाला, पिवळ्याचं तांबूस झालं की थांबा. जितके मिली लागले तितके ग्रॅम साडेतीनमध्ये वाढवायचे. दोन-तीन मिली आले तर तेल चांगलं आहे. सहा-सातच्या पुढे गेलं तर साबण फार होईल हे गृहीत धरा.

तेलात पाणी चालत नाही. भज्यांचं ओलं पीठ, बटाटा, सगळ्याचं पाणी त्यात असतं. गाळून शंभराच्या वर तापवायचं, तडतडणं थांबेपर्यंत. मग ५५ अंशांपर्यंत निवू द्यायचं, कारण मिथेनॉल ६४.७ ला उकळतं. कॉस्टिक विरघळवलेलं मिथेनॉल त्यात घालून तासभर ढवळायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी बरणीत स्पष्ट दोन थर दिसतात, खाली काळसर तपकिरी ग्लिसरीन आणि वर मधाच्या रंगाचं एस्टर.

वरचा थर लगेच टाकीत ओतू नका. त्यात साबण, कॉस्टिक, मिथेनॉल राहिलेलं असतं. कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवायचं. पहिलं पाणी दुधासारखं निघतं, तीन-चार धुण्यांत निवळतं. मग पुन्हा तापवून पाणी उडवायचं. बरणीमागे वर्तमानपत्र धरून बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. प्रक्रिया पुरी झाली का हे बघायला ३ मिली बायोडिझेल २७ मिली मिथेनॉलमध्ये टाका. सगळं विरघळलं तर ठीक, तळाशी थेंब बसले तर तेल शिल्लक आहे.

आणि मिथेनॉलबद्दल. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती याच मिथेनॉलने. वाफ नाकात जाते, कातडीतून शोषलं जातं, डोळे जातात. उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही. मिक्सरचं भांडं, त्याखाली ठिणग्या उडवणारी मोटर आणि वर मिथेनॉल, हा व्हिडिओ करणारा अजून धडधाकट आहे हे त्याचं नशीब. घराबाहेर, उघड्यावर, चूल-विडी लांब, पोरं त्याहून लांब.

मुक्काम_पोस्ट

हळदीचं भारी आहे ताई. वाचतोय.

पंपनोझल

ताईंनी सांगितलंय तसं केलेलं बायोडिझेल मी वापरून बघितलंय, इंजिन तक्रार करत नाही. उलट आवाज थोडा मऊ येतो, पंपाला वंगण चांगलं मिळतं. ताकद किंचित कमी, म्हणजे तेवढ्याच कामाला आठ-दहा टक्के जास्त लागतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या टाकीत तळाला वर्षानुवर्षांचा गाळ असतो, तो हे सोडवून आणतं. पहिल्या काही टाक्यांत फिल्टर चोक होणार, इंजिन एअर घेणार, आणि तुम्ही म्हणणार बायोडिझेल खराब. फिल्टर जवळ ठेवा. दुसरं, साधे रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, गळायला लागतात. ते बदलून घ्या. सुरुवात वीस टक्क्यांनी करा, बाकी ऐंशी डिझेल. आणि बनवून वर्षभर ठेवू नका, हवा लागून बिघडतं.

थंडीचंही बघा. तुमच्याकडचं तळणीचं तेल बहुतेक पामतेल असणार. त्याचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपास गढूळ व्हायला लागतं. डिसेंबरात पहाटे पाण्याची पाळी आली की टाकीत तूप झालेलं सापडेल.

तळणवाला

फरसाणचा धंदा आमचा, तीन पिढ्यांचा. "उरलेलं तेल कुठे जातं" याचं उत्तर देतो, कारण लोकांना वाटतं आम्ही ते गटारात ओततो.

मोठ्या कढईतलं तेल उरतं फार कमी. माल तेल पितो, वर ताजं घालत राहायचं. उरतं ते तळाचं. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून टोटल पोलर कंपाउंडची (तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात साठणाऱ्या खराब पदार्थांची) मर्यादा २५ टक्के केली, त्यापुढचं तेल खाण्यात वापरायचं नाही. दिवसाला पन्नास लिटरच्या वर तेल लागणाऱ्याने नोंद ठेवायची. मग वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलला द्यायची रुको योजना आली, परवानाधारक गोळा करणारा कॅन ठेवून जातो, भरला की पैसे देऊन नेतो. आमच्याकडे असंच चालतं.

पण सगळीकडे असं नाही. साबणवाला घेतो. आणि खरं सांगायचं तर आमच्यासारख्यांकडून उरलेलं तेल रस्त्यावरची छोटी गाडी घेते, कारण नव्या डब्याच्या निम्म्या भावात मिळतं. म्हणजे तुम्हाला ते तेल हवं असेल तर तुमची स्पर्धा डिझेलच्या भावाशी नाही, वडेवाल्याशी आहे. तो तुमच्यापेक्षा जास्त देईल. आता विमानाच्या इंधनासाठीही जगभर जुन्या तेलाला मागणी आली आहे, त्यामुळे गोळा करणारेही भाव वाढवतात. फुकट मिळेल या हिशेबात राहू नका.

जुनं_खोड

तळणीचं झालं, आता झाडांवरच्या तेलाचं बोलतो. मी कृषी खात्यातून निवृत्त झालो. मोगली एरंडाची (जट्रोफाची) लाट आली तेव्हा नोकरीत होतो.

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने अहवाल दिला. पडीक जमिनीवर मोगली एरंड लावायचा, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण. त्याआधी, ३१ डिसेंबर २००२ ला, रेल्वेने दिल्ली-अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर चालवून दाखवली होती. सगळं वातावरण भारलेलं. सभेत सांगायचं काय, तर पाणी नको, खत नको, रोग नाही, जनावर खात नाही, पाच वर्षांत सोनं. त्यातलं "जनावर खात नाही" हे शंभर टक्के खरं निघालं.

पाण्याशिवाय झाड जगतं हेही खरं. पण जगणं वेगळं आणि फळणं वेगळं. मुरमाड माळावर हेक्टरी पाच टन बी येईल असे आकडे कागदावर होते, हातात टनभर येणंही मुश्कील झालं. रोपं रानटी बियांची, निवड केलेला वाण नव्हताच. फुलोरा एकदम येत नाही, त्यामुळे एकाच झाडावर हिरवी, पिवळी, काळी फळं एकाच वेळी. तोडणीला माणूस पुन्हा पुन्हा पाठवायचा. बी विकून मजुरी सुटत नव्हती. २००५ च्या खरेदी धोरणात सरकारने बायोडिझेलला लिटरमागे २५ रुपये ठरवले, तेवढ्यात कुणाला परवडेना. पेंड विषारी, गुरांना घालता येत नाही. शाळेच्या आवाराला कुंपण म्हणून लावलेल्या झाडाच्या बिया खाऊन पोरांना उलट्या झाल्याच्या बातम्या वेगळ्याच.

आणि ज्याला आम्ही पडीक म्हणत होतो ते गायरान होतं. तिथे शेळ्या चरायच्या, बाया सरपण आणायच्या. त्यांना कुणी विचारलं नाही.

पुढचं धोरण २००९ चं, २० टक्के मिश्रण २०१७ पर्यंत. त्यानंतरचं २०१८ चं, ५ टक्के २०३० पर्यंत. टक्का खाली आला आणि साल पुढे गेलं. प्रत्यक्षात आपण अजून एक टक्क्याच्या आतच आहोत. इथेनॉलचं पेट्रोलमध्ये जमलं, कारण मागे उसाचे कारखाने उभे होते. तेलाच्या मागे कोण उभं आहे? खायचंच तेल निम्म्याहून जास्त आयात करतो आपण.

विहिरीकाठ, तुमचा करंज मोगली एरंडापेक्षा शहाणा आहे, एवढं मात्र नक्की. झाड आपलंच, मुळांवर नत्राच्या गाठी, पेंड उत्तम खत, वाळवीला आवर घालणारी. पण फळायला चार ते सात वर्षं लागतात, म्हणून नवीन लावू नका, आहेत ती सांभाळा.

पैनगंगाकाठ

खोडसाहेब, एक भर. आमच्या यवतमाळच्या सीमेपलीकडे तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात पॉवरगुडा नावाची आदिवासी वस्ती आहे. तिथल्या बायकांच्या बचत गटांनी करंज लावला, तेलाची घाणी घातली. २००३ साली जागतिक बँकेने त्यांच्याकडून १४७ टन कार्बन डायऑक्साइडची बचत ६४५ डॉलरला विकत घेतली, वॉशिंग्टनच्या एका परिषदेमुळे झालेल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून. कर्नाटकातही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उडिपी श्रीनिवास यांनी होंगे, म्हणजे करंजच, त्याच्या तेलावर खेड्यात जनरेटर चालवले. तेव्हा सगळंच वाया गेलं असं नाही.

जुनं_खोड

नाही म्हणत नाही मी. ती उदाहरणं चालली कारण झाडं गावाची होती, घाणी गावात होती, तेल गावात जळत होतं. आमच्या योजनेत बी इथे, गिरणी तिथे, परवाना तिसरीकडे.

उंडीकर

कोकणातून. आमच्याकडे किनाऱ्यावर उंडीची झाडं. पूर्वी तिच्या तेलावर दिवे जळायचे, लाकडी होड्यांना तेच तेल फासायचे. आता होड्या फायबरच्या आणि दिवे विजेचे, त्यामुळे बिया समुद्रकाठी पडून. कुणी बायोडिझेल केलंय का उंडीचं?

प्रयोगवही

करता येतं, पण उंडीच्या तेलात डिंकासारखे पदार्थ आणि सुटी आम्लं फार. कॉस्टिक थेट घातलंत तर भांडंभर साबण मिळेल. आधी फॉस्फोरिक आम्लाने डिंक काढायचा, मग सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉलने आम्लं एस्टरमध्ये बदलायची, आणि त्यानंतर नेहमीची प्रक्रिया. करंजाच्या बिया ओल्या राहिल्या तर त्यांनाही हेच दोन टप्पे लागतात. म्हणून शेंगा पाऊस पडायच्या आत गोळा करून कडक वाळवा. विहिरीकाठ, हे तुमच्यासाठी.

हिशेबनीस

आकडे कुणी टाकले नाहीत, मी टाकतो.

करंजाच्या बीत तेल तीसएक टक्के, पण गावच्या एक्स्पेलरमधून हातात पडतं पंचवीसच्या आसपास. म्हणजे एका लिटरला पावणेचार किलो सोललेलं बी. ट्रॅक्टर नांगरटीला तासाला चार-पाच लिटर खातो असं धरा. तासाभराच्या नांगरटीला १५ ते १९ किलो बी. वेचणं, फोडणं, वाळवणं, घाणीचं भाडं, वर मिथेनॉल. मिथेनॉल बहुतेक आयातीचं, भाव तिकडच्या वाऱ्यावर, आणि विक्री-साठ्यावर सरकारी नियंत्रण. घरची माणसं वेचायला असतील आणि त्यांच्या मजुरीची किंमत शून्य धरली, तरच डिझेलच्या खाली उतरतं.

आता दुसरी बाजू. करंजाचं तेल सेंद्रियवाले फवारणीला घेतात, आणि ते डिझेलपेक्षा महाग विकलं जातं. मग जाळायचं कशाला? विका, आलेल्या पैशात डिझेल भरा, वर चहा घ्या. पेंड तुमच्या डाळिंबाला.

विहिरीच्या पाच एचपी इंजिनाला तासाला लिटरभर जातं. त्याला उत्तर तेल नाहीच, सौरपंप आहे. त्यासाठी केंद्राची कुसुम योजना २०१९ मध्ये आली, आपल्याकडे २०२४ मध्ये "मागेल त्याला सौर कृषी पंप" आली. रांग आहे, कंत्राटदाराची कटकट आहे, ते मान्य. पण पाणी दिवसा देता येतं आणि सोलापुरात ऊन काही विकत घ्यावं लागत नाही.

बायोडिझेल करून विकायचा विचार असेल तर विसरा. बी-१०० च्या, म्हणजे निव्वळ बायोडिझेलच्या विक्रीला केंद्राची २०१९ ची नियमावली आहे, माल आयएस १५६०७ या भारतीय मानकाप्रमाणे उतरावा लागतो. "बायोडिझेल"च्या पाट्या लावून भलतंच औद्योगिक तेल विकणाऱ्यांवर धाडी पडल्या, तेव्हापासून प्रशासन या शब्दाकडेच संशयाने बघतं.

राइनकाठ

जर्मनीहून. इथे एके काळी मोहरीच्या जातीच्या रेपसीडचं शंभर टक्के बायोडिझेल पंपावर मिळायचं, कारण कर माफ होता. ऑगस्ट २००६ पासून कर लागू झाला आणि ते पंप हळूहळू गेले. आता साध्या डिझेलमध्येच सात टक्क्यांपर्यंत मिसळलेलं असतं, कुणाला कळतही नाही. इंडोनेशियाने चाळीस टक्क्यांपर्यंत मजल मारली, पण त्यांच्याकडे पामतेल घरचं आहे.

विहिरीकाठ

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. विहिरीसाठी सौरपंपाचा अर्ज करतो. करंजाच्या शेंगा यंदा वेचून ठेवणार आणि तेल फवारणीसाठी काढून बघणार. हिशेबनीसांचं गणित घरात वाचून दाखवलं, आई म्हणाली वेचायला मी बसते, पण मजुरी शून्य धरू नका.

तळणीच्या तेलाचा नाद मात्र सुटत नाही. चुलतभावाची खानावळ आहे, तिथलं तेल घरचंच. ते तो खड्ड्यात ओततो हे या धाग्यामुळे कळलं. वीस लिटर जमलं की एक घाणा करून सिंगल सिलिंडरला वीस टक्के घालून बघतो. ताई, खाली बसणाऱ्या ग्लिसरीनचं काय करायचं? वीस लिटरला किती निघेल?

प्रयोगवही

दोन-अडीच लिटर, साबण-मिथेनॉल धरून थोडं जास्तच. मेडिकलमध्ये मिळतं ते ग्लिसरीन हे नव्हे, चेहऱ्याला लावायला जाऊ नका. आधी उघड्यावर, आगीपासून लांब, त्यातलं मिथेनॉल उडू द्या. कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅश वापरलंत तर पालाश राहतं आणि पातळ करून कंपोस्टमध्ये मुरवता येतं. पोटॅश घेतलंत तर साडेतीनच्या जागी पाच ग्रॅम धरा, टायट्रेशनही, म्हणजे हळदीची ती मोजणी, पोटॅशच्याच द्रावणाने करा. गोबरगॅस असेल तर रोज अगदी थोडं घाला, गॅस वाढतो. एकदम ओतलंत तर आतले जीवाणू बसतील आणि आठवडाभर चूल पेटणार नाही. धुण्याचं पाणी विहिरीपासून लांब टाका.

तेल जमलं की आधी पावशेर माझ्याकडे पाठवा, टायट्रेशन मुलांकडून करून घेते.

पंपनोझल

आणि इंजिन चालू करायच्या आधी टाकी उतरवून धुऊन घ्या. फिल्टर दोन आणा.